जर्मनीतील बॉक्सिंग क्लबमध्ये रुळताना : भारतातून शिकून आलेल्यांसाठी मार्गदर्शक

पुण्यात मी सहा वर्षे बॉक्सिंग शिकले. शिकवणारे सर लष्करातून निवृत्त झालेले होते. त्यांना वाकून नमस्कार केल्याशिवाय रिंगच्या दोराला हात लावायचा नाही, त्यांनी ‘बास’ म्हटल्याशिवाय थांबायचे नाही आणि त्यांनी विचारल्याशिवाय बोलायचे नाही, हे नियम कुठे लिहिलेले नव्हते, तरी पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाच्या अंगवळणी पडत. नोकरीच्या निमित्ताने मी श्टुटगार्टला आले, तिसऱ्या आठवड्यात तिथल्या एका क्लबमध्ये दाखल झाले आणि पुढचे चार महिने जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा चुकीचा अर्थ लावत राहिले.

जर्मन मला कामापुरते येत होते आणि जॅब, क्रॉस, हुक हे ठोसे तर तेच होते. घोटाळा होता तो जबाबदारीच्या वाटणीत. आपल्याकडे शिष्याच्या शरीराची काळजीही सर वाहतात आणि शिष्य ते सांगतील तसे करतो. इथे प्रशिक्षक दिशा दाखवतो. किती जोर लावायचा, कुठे दुखते आहे, काय समजले नाही, आज स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, करायचे की नाही, हे त्याला वेळच्या वेळी सांगणे शिकणाऱ्याचे काम समजले जाते. हे मला कुणी आधी सांगितले असते, तर बराच मनस्ताप टळला असता. माझा अनुभव बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यातला आहे, त्यामुळे शुल्क आणि तारखा तुमच्या गावच्या क्लबमध्ये तपासून घ्याव्यात.

१. आधी क्लबचा प्रकार ओळखा

जर्मनीत बॉक्सिंग दोन प्रकारच्या ठिकाणी शिकवले जाते. एक म्हणजे खासगी जिम, जिथे शुल्क जास्त असते, वेळ सोयीची असते आणि प्रशिक्षकाशी नाते ग्राहकाचे असते. दुसरे म्हणजे ‘फेराइन’, म्हणजे नोंदणीकृत संस्था, जिच्या नावापुढे ‘ए. फाउ.’ ही अक्षरे दिसतात. नोंदणीसाठी किमान सात सदस्य लागतात, अध्यक्ष आणि खजिनदार निवडून येतात आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते. आपल्या गणेशोत्सव मंडळाची रचना ज्याला ठाऊक आहे, त्याला फेराइन समजायला वेळ लागत नाही. इथला प्रशिक्षक बहुधा दिवसा दुसरी नोकरी करणारा असतो आणि संध्याकाळी नाममात्र मानधनावर शिकवतो. भारतात बाउट, म्हणजे स्पर्धेतल्या लढती, खेळून आलेल्यांनी आणि पुढेही स्पर्धा खेळू इच्छिणाऱ्यांनी फेराइनच निवडावा, कारण स्पर्धेत नाव तिथूनच जाते.

क्लब पाहायला गेल्यावर प्रशिक्षक स्वतः कुठे शिकला, हे अवश्य विचारावे. हा चौकसपणा इथे आगाऊपणा मानला जात नाही, आणि उत्तरावरून पुढच्या कित्येक गोष्टींचा उलगडा होतो. पूर्व जर्मनीत व्यावसायिक बॉक्सिंगला परवानगी नव्हती. सारी ताकद हौशी बॉक्सिंगवर, शासकीय क्रीडाशाळांतून लावलेली होती. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारा हेन्री मास्के त्याच व्यवस्थेतून आला आणि त्याचे प्रशिक्षक मान्फ्रेड वोल्के हे स्वतः १९६८ चे ऑलिम्पिक विजेते होते. दुसरा मोठा प्रवाह कझाकस्तान आणि रशियातून १९९० च्या दशकात परतलेल्या जर्मन वंशाच्या कुटुंबांचा आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये जर्मनीसाठी कांस्यपदक मिळवणारा विटाली टायबेर्ट हा कझाकस्तानात जन्मलेला. माझे मुख्य प्रशिक्षकही तिथलेच, तर त्यांचे सहायक हे अस्सल श्वाबियन, म्हणजे श्टुटगार्टच्या मातीतले वृद्ध गृहस्थ.

या दोन्ही परंपरा आपल्याला पूर्णपणे परक्या नाहीत. पटियालाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ साली सुरू झाली आणि भारतीय प्रशिक्षकांच्या कित्येक पिढ्या तिथून बाहेर पडल्या. पुढे क्यूबाचे बी. आय. फर्नांडिस यांनी भारतीय बॉक्सरांना वर्षानुवर्षे घडवले आणि २०१२ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळवणारे ते पहिले परदेशी प्रशिक्षक ठरले. त्यामुळे तुमच्या पुण्यातल्या किंवा अकोल्यातल्या सरांनी जे पायांचे काम शिकवले, त्याची मुळे कदाचित इथल्या प्रशिक्षकाच्या वहीतही सापडतील. तंत्र बदलले म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

२. चाचणीच्या सरावाला जा आणि या वस्तू सोबत ठेवा

बहुतेक क्लब एक ते तीन दिवस विनामूल्य सराव करू देतात. त्याला ‘प्रोबेट्रेनिंग’ म्हणतात. जाण्यापूर्वी चार ओळींचा ईमेल पाठवावा. त्यात वय, वजन, किती वर्षे शिकलात, किती बाउट खेळलात आणि जुनी दुखापत कोणती, एवढेच लिहावे. बाउटांची संख्या फुगवू नये आणि संकोचाने कमीही सांगू नये, कारण जोड्या त्यावरून लावल्या जातात.

सोबत न्यायच्या वस्तू अशा :

– हातावर बांधायच्या पट्ट्या, शक्यतो साडेचार मीटर लांबीच्या. दोन जोड असाव्यात.
– ठोसे मारायच्या टांगत्या बॅगसाठी १० किंवा १२ औंसांचे आणि स्पॅरिंगसाठी १६ औंसांचे ग्लोव्ह. मेरठ-जालंधरचे ग्लोव्ह इथेही उत्तम चालतात, मात्र आतले भरण एका जागी गोळा झालेले जुने ग्लोव्ह स्पॅरिंगला कुणी घालू देत नाही.
– गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवलेला माउथगार्ड. तो नसेल तर स्पॅरिंग नाही, यात अपवाद मिळत नाही.
– हेडगार्ड आणि पुरुषांसाठी कमरेखालचा गार्ड. क्लबचे सामाईक असतात, पण त्यांच्या वासाबद्दल न बोललेले बरे.
– फक्त हॉलमध्ये वापरायचे, फिकट तळव्याचे बूट. रस्त्यावरचे बूट घालून आत पाऊल टाकणे हा इथला मोठा अपराध आहे.
– टॉवेल, पाण्याची बाटली, सपाता आणि कपाटासाठी स्वतःचे कुलूप.
– आरोग्यविम्याचे कार्ड. हे घरी ठेवू नये, पिशवीतच असावे.

अंघोळीची जागा बहुतेक ठिकाणी सामाईक आणि विनादाराची असते, अर्थात स्त्री-पुरुषांची वेगळी. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी घरी जाऊन अंघोळ करावी. कुणी काही विचारत नाही. मी पहिले वर्षभर तेच केले.

३. वेळ, हस्तांदोलन आणि ‘तू’

सरावाची वेळ ‘हाल्ब आख्ट’ सांगितली, तर ती साडेसात असते, साडेआठ नव्हे. शब्दशः तो ‘अर्धा आठ’ आहे आणि घाईत हमखास फसवतो. साडेसात म्हणजे पट्ट्या बांधून, उड्यांची दोरी हातात घेऊन रांगेत उभे असण्याची वेळ, म्हणून हॉलवर पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. पुष्कळ क्लब शाळेच्या व्यायामशाळेत भरतात, बाहेरचा दरवाजा सराव सुरू होताच बंद होतो आणि आतला दोरीचा आवाज चालू असताना बाहेरून ठोठावलेले कुणाला ऐकू जात नाही. शाळेची जागा असल्यामुळे सुट्ट्यांत हॉलही बंद राहू शकतो. उन्हाळ्यातले जवळपास सहा आठवडे कुठे पळायचे, याची सोय आधीच पाहून ठेवावी.

आत गेल्यावर हजर असलेल्या प्रत्येकाशी हात मिळवावा. वीस जण असतील तर वीसही जणांशी, सोळा वर्षांच्या मुलापासून पासष्टीच्या सहायकापर्यंत. मी पहिल्या दिवशी थेट मुख्य प्रशिक्षकांकडे जाऊन नमस्कार केला आणि बाकीच्यांकडे न पाहता कोपऱ्यात बसून पट्ट्या बांधू लागले. आदर दाखवण्याचा माझा तो प्रयत्न इतरांना गर्विष्ठपणा वाटला, हे मला खूप नंतर कळले.

प्रशिक्षकाला पहिल्या नावाने आणि ‘तू’ म्हणून हाक मारावी लागते. मराठी तोंडाला हे फार जड जाते. वडिलांच्या वयाच्या माणसाला एकेरी हाक मारताना माझी जीभ इतकी अडखळत असे, की पहिला महिना मी क्रियापद टाळून, नुसत्या हातवाऱ्यांवर भागवले. तसे करू नका. क्लबमध्ये ‘झी’, म्हणजे आपल्या ‘अहो’च्या जागी येणारे सर्वनाम वापरल्यास अंतर राखल्यासारखे वाटते. या लेखात मात्र मी त्यांना ‘ते’च म्हणणार आहे, मराठीत लिहिताना माझ्याच्याने दुसरे काही होणार नाही.

४. स्टान्स, म्हणजे उभे राहण्याची ठेवण, सांगताना डावे-उजवे तपासा

हा सापळा लहान दिसतो, पण त्यात माझा पूर्ण एक आठवडा गेला. मी डावखुरी आहे, म्हणजे उजवा हात आणि उजवा पाय पुढे ठेवून खेळणारी साउथपॉ. प्रशिक्षकांनी विचारले, ‘लिंक्स-आउसलागे?’ ‘लिंक्स’ म्हणजे डावे हे मला ठाऊक होते, म्हणून मी आनंदाने मान डोलावली. जर्मन पद्धतीत मात्र नाव पुढच्या हातावरून पडते. डावा हात पुढे असलेली, म्हणजे आपली नेहमीची ऑर्थोडॉक्स ठेवण ही ‘लिंक्स-आउसलागे’ आणि साउथपॉ ती ‘रेख्ट्स-आउसलागे’. परिणामी मला ऑर्थोडॉक्स गटात उभे केले गेले, माझे पाय उलटे ठेवले गेले आणि मी, सरांनी सांगितले म्हणजे काहीतरी कारण असणार, असे मानून सात दिवस उलट्या पायांनी जॅब मारत राहिले. शेवटी सहायकांनीच मी पाणी पिताना बाटली कोणत्या हाताने धरते ते पाहिले आणि विचारले. मुख्य प्रशिक्षक हसले नाहीत. ‘तू बोलली का नाहीस?’ एवढेच त्यांनी विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

५. पहिले सहा आठवडे पायांसाठी राखून ठेवा

सहा वर्षे शिकलेल्या माणसाला पुन्हा दोरी, शॅडो (हवेत ठोसे मारण्याचा सराव) आणि पुढे-मागे पावले टाकणे यांवर आणून ठेवले, की अपमान झाल्यासारखे वाटते. सोव्हिएत घराण्यातून आलेले प्रशिक्षक गुडघे सैल ठेवून, टाचा उचलून, घड्याळाच्या लंबकाप्रमाणे सतत आत-बाहेर होत राहण्यावर भर देतात; ठोसा त्या लयीतून सुटायला हवा. माझ्या पुण्यातल्या शिक्षणात पाय रोवून, कंबर वळवून मारलेल्या ठोशाला मान होता. दोन्ही गोष्टी बरोबरच आहेत, पण शरीराला एका वेळी एकच सवय लावता येते.

इथे माझा सल्ला असा आहे, की पहिले सहा आठवडे जुन्या पद्धतीची बाजू मांडू नये. ‘आमच्याकडे असे शिकवतात’ हे वाक्य माझ्या डोळ्यांदेखत एका स्पॅनिश मुलाने रोज उच्चारले आणि हळूहळू त्याला दुरुस्त करणेच थांबले. त्याऐवजी कारण विचारावे. ‘वारूम?’, म्हणजे ‘का?’, हा प्रश्न जर्मन प्रशिक्षकाला उद्धट वाटत नाही, उलट तो थांबून, समोर उभे राहून, हळू गतीने दाखवतो. पुण्यात मी असा प्रश्न विचारला असता, तर पन्नास बैठका पदरात पडल्या असत्या. सहा आठवड्यांनंतर मात्र जे जुने तुम्हाला खरोखर उपयोगी पडते ते दाखवावे. माझा शरीरावर मारायचा डावा ठोसा त्यांनी तसाच ठेवला.

शिक्षेच्या बैठका इथे नसतात. चुकलात तर ‘नोख माल’, म्हणजे पुन्हा एकदा, एवढेच ऐकू येते. शिक्षा नाही म्हणजे शिस्त ढिली आहे, असा माझा समज झाला होता. पण सलग दोन सराव न कळवता चुकवले, तेव्हा तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकांच्या हातातल्या पॅडवर ठोसे मारायची माझी पाळी आलीच नाही. कळवून चुकवण्याला मात्र काहीच हरकत नसते.

६. मौनाचा अर्थ लावायला शिका

सर्वांत जास्त त्रास मला याच गोष्टीने दिला. पुण्यातले सर ओरडत असत, आणि ओरडत असत म्हणजे लक्ष आहे हे आम्हाला ठाऊक होते. नीट जमले तर पाठीवर थाप पडे आणि ती थाप आठवडाभर पुरे. इथे मी तीन-तीन राउंड पॅड मारी आणि प्रशिक्षक पॅड काढून, मान किंचित हलवून पुढच्याकडे वळत. मला वाटले, त्यांनी माझा नाद सोडला आहे. मी आणखी जोरात मारू लागले, आणखी उशिरापर्यंत थांबू लागले आणि मनगट सुजवून घेतले.

सहायकांनी एकदा बँडेज बांधता बांधता मला श्वाबियन लोकांची म्हण ऐकवली, ‘नेट गशिम्प्फ्ट इश गनूग गलोब्ट’, म्हणजे रागावले नाही तेच पुरेसे कौतुक. सगळा जर्मनी असा नाही; ऱ्हाइनकाठचे लोक बरेच बोलके असतात म्हणतात. पण ‘पास्ट’, म्हणजे जमतंय, किंवा ‘गेनाउ’, म्हणजे बरोबर, असा एक शब्द ऐकू आला, तर ती पाठीवरची थापच समजावी. मौन म्हणजे चालू ठेवा. आणि दुरुस्ती होते तेव्हा ती थेट, गोड आवरणाशिवाय होते. ‘हे चुकीचे आहे’ असे शब्द सगळ्यांसमोर येतात, त्यात राग नसतो आणि सराव संपल्यावर तोच माणूस तुमच्यासाठी दार धरून उभा असतो.

शंका राहिलीच, तर महिन्यातून एकदा सराव संपल्यावर दोन मिनिटे मागून घ्यावीत आणि सरळ विचारावे : माझी सर्वांत मोठी चूक कोणती? ‘मी कशी खेळते?’ असे विचारू नये, त्याला ‘ठीक’ एवढेच उत्तर मिळते. मला पहिल्या वेळी मिळालेले उत्तर असे होते, की ठोसा मारून झाल्यावर मी तो कसा लागला हे पाहत उभी राहते.

७. हॉलमधले शब्द आधी पाठ करा

भाषेच्या वर्गात हे शब्द शिकवत नाहीत आणि राउंड चालू असताना शब्दकोश उघडता येत नाही. एवढे शब्द आले, तरी पहिला महिना निभावतो :

– फ्यूरहांड : पुढचा हात. श्लागहांड : मागचा, जोराचा हात.
– गेराडे : सरळ ठोसा. हाकेन : हुक. आउफवेर्ट्सहाकेन : अपरकट, म्हणजे खालून वर मारायचा ठोसा.
– डेकुंग : गार्ड. हेंडे होख : हात वर. किन रुंटर : हनुवटी खाली.
– प्राट्सेन : पॅड. झांडझाक : बॅग. जाइलश्प्रिंगेन : दोरीच्या उड्या.
– वेक्सेल : जोडीदार किंवा भूमिका बदला. पाउझे : विश्रांती.
– हाल्बे क्राफ्ट : अर्ध्या जोराने. लॉकर : सैल, हलके.

या शेवटच्या शब्दाचा कपाटाशी काही संबंध नाही, आणि तो नीट न समजल्याची किंमत पुढे सांगते.

८. स्पॅरिंगला परीक्षा समजू नका

पुण्यात स्पॅरिंग आठवड्यातून एकदा, शनिवारी होत असे आणि सर खुर्ची टाकून समोर बसत. तिथे कोण किती टिकतो यावर जिल्हा स्पर्धेची नावे ठरत, त्यामुळे स्पॅरिंग म्हणजे बाउटच, हे आमच्या रक्तात भिनलेले होते. इथे स्पॅरिंगच्या पायऱ्या असतात. पहिली पायरी म्हणजे ठरवून दिलेला सराव, ज्यात एकाने फक्त जॅब मारायचा आणि दुसऱ्याने फक्त तो टाळायचा. दुसरी ‘बेडिंग्टेस स्पॅरिंग’, म्हणजे अटींचे स्पॅरिंग : फक्त पुढचा हात, किंवा फक्त शरीरावर, किंवा एकाने दोरांना टेकूनच राहायचे. मोकळे स्पॅरिंग त्यानंतर येते आणि तेही बहुतेक वेळा ‘लॉकर’.

मला पहिल्यांदा मोकळ्या स्पॅरिंगला उभे केले ते माझ्यापेक्षा वीतभर उंच, दहा किलो जड अशा एका मुलासमोर. प्रशिक्षक म्हणाले, ‘लॉकर’. मला अर्थ ठाऊक होता, पण तो मी शिष्टाचाराचा शब्द समजले, जसे आपल्याकडे पाहुण्याला ‘काही नको हो’ म्हणतात तसा. चाळीस सेकंदांत मी त्याच्या नाकावर मागच्या हाताचा पूर्ण ठोसा मारला. घड्याळ थांबवले गेले. प्रशिक्षकांनी मला दोराबाहेर बोलावले आणि अगदी शांतपणे म्हणाले, ‘आज शनिवार नाही.’ मला वाटले ते वाराबद्दल बोलत आहेत. इथल्या स्पर्धा बहुतांशी शनिवारी असतात, हे कळायला आणखी दोन आठवडे लागले. तोवर माझ्याशी जोडी लावायला क्लबमधल्या सर्वांत जड माणसाखेरीज कुणी तयार नव्हते.

त्यानंतर मी जे पाळत आले ते असे. पहिल्या अर्ध्या मिनिटात जोडीदार जेवढा जोर लावतो, त्याहून किंचित कमीच आपण लावावा. राउंड संपल्यावर ‘त्सू हार्ट?’, म्हणजे फार जोरात लागले का, असे विचारावे. हा प्रश्न इथे सर्रास विचारला जातो आणि त्याचे खरे उत्तर द्यायचे असते. आपल्याला जास्त लागत असेल तर ‘बिस्शेन लाइश्टर’, थोडे हलके, असे राउंड चालू असतानाही म्हणता येते. मी हे म्हणायला पाच महिने घेतले, कारण आमच्याकडे असे म्हणणारा दुसऱ्या दिवशी चेष्टेचा विषय होई. नाक फुटलेल्या मुलाची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. तो म्हणाला की त्याला ठोशाचा राग नव्हता, ठोसा लागल्यावर मी प्रशिक्षकांकडे पाहिले याचा राग होता.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. श्टुटगार्टपासून तासाभराच्या अंतरावरच्या कार्ल्सरूहची रेगिना हाल्मिश १९९५ ते २००७ एवढा दीर्घ काळ विश्वविजेती होती, त्यामुळे बाई बॉक्सिंग करते याचे इथे कुणाला नवल वाटत नाही. तरी आपल्या वजनाची मुलगी रोज मिळत नाही आणि जोड्या मुलांशीच लागतात. कुणी अतिरेकी हळुवारपणे खेळत असेल तर त्यालाही सांगावे, आणि कुणी जोराचा असेल तर त्याच्याशी जोडी नको, असे प्रशिक्षकांना स्पष्ट सांगावे. कारण द्यावे लागत नाही.

९. दुखणे लपवू नका

एका बुधवारी कपाळावर बसलेल्या ठोशानंतर माझे डोके पुढचे पाच दिवस ठणकत होते आणि मी ते कुणालाही सांगितले नाही. सोमवारी पॅडवर मी दोनदा साधा क्रम विसरले, तेव्हा प्रशिक्षकांनी ग्लोव्ह काढायला लावले आणि विचारून घेतले. मी प्रथमच त्यांना चिडलेले पाहिले. ठोसा बसणे हा खेळाचा भाग आहे, पण तो लपवून तू मला आंधळे केलेस, अशा अर्थाचे काहीतरी ते म्हणाले आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणेपर्यंत हॉलमध्ये येऊ नको म्हणून सांगितले.

डोक्याला मार बसल्यावर त्याच क्षणी सराव थांबवावा. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गोंधळल्यासारखे होणे, न आवरणारी झोप किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, यांपैकी काहीही असेल तर ११२ हा क्रमांक लावावा. तातडीचे नसेल पण दवाखाने बंद झाले असतील, तर ११६११७ या क्रमांकावर डॉक्टरांची सेवा मिळते. त्या रात्री एकटे राहू नये. परदेशात एका खोलीत राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे आणि शेजाऱ्याला किंवा मित्राला सांगून ठेवावे. क्लबकडे अपघाताची नोंद करण्याचा फॉर्म असतो. दुखापत किरकोळ वाटली तरी तो भरून द्यावा, कारण क्रीडाविम्याचा दावा त्यावरूनच होतो.

१०. सही करण्यापूर्वी राजीनाम्याचे कलम वाचा

सदस्यत्वाच्या फॉर्मसोबत बँक खात्याचा आयबॅन क्रमांक, खात्यातून परस्पर वर्गणी वळती करण्याची संमती, एखादा फोटो आणि अठरा वर्षांखालील असल्यास पालकाची सही लागते. फॉर्म एका पानाचा असतो. खरे नियम संस्थेच्या घटनेत असतात आणि ती मागावी लागते. सदस्यत्व सोडण्यासाठी लेखी ‘क्युंडिगुंग’ द्यावी लागते, तीही ठरलेल्या तारखेच्या आत. मी दीड वर्षाने कामानिमित्त उल्मला गेले, निरोपाचा केक वाटला, सगळ्यांना मिठ्या मारल्या आणि पत्र द्यायचे राहिले. मुदत दहा दिवसांनी हुकली होती, त्यामुळे पुढच्या अर्ध्या वर्षाची वर्गणी खात्यातून निमूटपणे गेली. गाव सोडल्याने सदस्यत्व आपोआप संपत नाही.

काही संस्थांत वर्षाकाठी ठरावीक तासांचे श्रमदानही असते, जसे स्पर्धेच्या दिवशी रिंग उभारणे किंवा खाद्यपदार्थांचा स्टॉल सांभाळणे. ते टाळू नये. मी एकदा दोनशे बटाटेवडे तळले होते आणि त्यानंतर माझे नाव न चुकता उच्चारणाऱ्यांची संख्या एकदम वाढली.

११. स्पर्धेचे नाव निघाल्यावर

सहा महिने ते वर्षभरात प्रशिक्षक स्वतःच विषय काढतात. स्पर्धेसाठी वैद्यकीय तपासणी आणि तिची नोंद असलेला पास लागतो, आणि तपासणी दर वर्षी नव्याने करावी लागते. स्त्रियांना गर्भवती नसल्याचे लेखी निवेदन द्यावे लागते. भारतात बाउट खेळलेल्यांनी जुनी नोंदवही किंवा प्रमाणपत्रे आणून दाखवावीत. प्रौढ गटात तीन मिनिटांचे तीन राउंड असतात, नवख्यांना कमी वेळाचे मिळू शकतात. नॉकआउट झाल्यास किमान तीस दिवस रिंगपासून दूर राहावे लागते.

कोपऱ्यातल्या एका मिनिटात कोणत्या भाषेत बोलायचे हे आधी ठरवून घ्यावे. दम लागलेला असताना मला जर्मन कळत नाही, हे मी सांगितल्यावर आम्ही तीन शब्द ठरवले : ‘डावा’, ‘खाली’ आणि ‘बाहेर’. ते त्यांनी मराठीतच पाठ केले. ‘खाली’चा उच्चार अजूनही ‘काली’ असा करतात.

आणि एक गोष्ट बाउटच्या आदल्या दिवशीच समजून घ्यावी. वर्षभर तुम्हाला विचारून, तुमचे ऐकून घेऊन चालणारा हा माणूस कोपऱ्यात उभा राहिल्यावर मात्र विचारत नाही. त्याला वाटले तर तो टॉवेल टाकतो, म्हणजे लढत तिथेच थांबवतो. माझ्या दुसऱ्या बाउटमध्ये तिसऱ्या राउंडला त्यांनी तो टाकला, मी उभी होते, मला खेळायचे होते आणि तसे मी पहिल्यांदाच त्यांना मोठ्या आवाजात, एकेरीत सुनावले. त्यांनी ऐकून घेतले, माझा माउथगार्ड काढला, बादलीत धुतला आणि डबीत ठेवला.